अकराव्या बाटलीतली साखर

आमच्या घरात जनावर कधीच नव्हतं. वडील शिलाईकाम करायचे, आई काजं-बटणं करायची. दोन खोल्यांत शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे आणि आम्ही तिघं भावंडं, एवढ्यानंच जागा संपायची. दूध यायचं ते समोरच्या आक्काकडून. तिला सगळं गाव आक्काच म्हणायचं. नवरा लवकर गेलेला, एकुलती लेक निलंग्याकडे दिलेली. मागं राहिली ती आक्का, एक म्हैस आणि दारातलं लिंबाचं झाड.

आठवीपासून मी अहमदपूरला शाळेत जायला लागले. सकाळची एसटी चुकली की दिवस गेला, म्हणून मी अंधार फिटायच्या आत तयार असायचे. आक्का तेव्हा धार काढत बसलेली असायची. मला हाक मारून ती चरवीतलं दूध तसंच पितळी पेल्यात ओतायची आणि मी उभ्यानं पिऊन टाकायचे. एकदा मी साखर मागितली, तर म्हणाली, "साखर चहात घालावी. दुधाला काय झालंय? आजारी हाय का ते?" पाच वर्षं मी तो पेला प्याले. पुढं नांदेडला बीएस्सी केलं, एमएस्सी केलं आणि संशोधनाला लागले. आमच्या घरात कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. वडिलांच्या मशीनवर आणि आक्काच्या दुधावर मी शिकले, असं मी कुठल्याही मुलाखतीत सांगत आले. ते खरंच आहे.

आमची प्रयोगशाळा विष्णुपुरीच्या बाजूला आहे. तिथं मी ज्या कामात पाच वर्षं घातली, ते सोप्या शब्दांत सांगायचं तर असं : पातळ पदार्थात साखर किती आहे ते मोजायचं. ते मोजायच्या रीती जुन्या आहेत, पण त्यांना वेळ लागतो, रसायनं लागतात आणि दुधासारख्या गढूळ पदार्थात त्या फसतात. आमची रीत अवरक्त किरणांची होती. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण साखरेतून जाताना त्यांचा ठरावीक भाग शोषला जातो. अडचण एवढीच, की दुधात साखरेशिवायही पुष्कळ काही असतं आणि तेही किरण शोषतं. मग साखरेचं वेगळं कसं ओळखायचं?

त्यासाठी आम्ही एक नळी केली होती. बॉलपेनच्या रिफिलएवढी जाड, बोटाच्या पेराएवढी लांब. तिच्यात काचेचे बारीक मणी भरलेले आणि त्या मण्यांवर एक एन्झाइम चिकटवलेलं. हे एन्झाइम एकच काम करतं. आपण चहात घालतो ती साखर ते फोडतं. दुधाच्या अंगच्या साखरेला हात लावत नाही. नमुना नळीत जायच्या आधी एकदा किरणांनी बघायचा, नळीतून बाहेर आल्यावर पुन्हा बघायचा आणि दोन्हींची वजाबाकी करायची. बाकी सगळं दोन्हीकडं सारखंच असल्यामुळं वजा होऊन जातं. जे उरतं ते बाहेरून घातलेल्या साखरेचं. मला ही वजाबाकी फार आवडायची. त्यात वाद घालायला कुणाला जागा नव्हती.

नळी बसवायला स्टीलची एक खाच हवी होती. कॉलेजच्या वर्कशॉपला ती जमेना, तेव्हा नांदेडच्या इतवारा भागातल्या एका घड्याळवाल्या चाचांनी ती कोरून दिली. डोळ्याला भिंग लावून त्यांनी नळी उलटसुलट करून बघितली.

"बेटी, इत्तीसी नल्की में क्या करते?"

"चाचा, यह छोटा कारखाना है. साखर का."

"कारखाना?" ते शेजारच्या दुकानदाराकडे वळले. "सुनो मियाँ, लातूरवालों के कारखाने अब घड़ी में बैठने लगे."

पहिल्यांदा मी दूध तसंच आत सोडलं आणि नळी सायीनं बुजली. तीन आठवड्यांचं काम वाया गेलं. माझे मार्गदर्शक सर एवढंच म्हणाले, "गावाकडची मुलगी तू, दूध घट्ट असतं हे तुला मी सांगायचं का?" मग आम्ही दूध आधी फाडायला लागलो, यंत्रात गरगरा फिरवायला लागलो आणि वरचं निवळ पाणी तेवढं नळीत सोडायला लागलो. उसाचा रस, थंड पेयं, अर्धापूरच्या केळ्यांचा रस, सगळं झालं. दुधात आम्हीच मोजून साखर घातली आणि आमच्याच यंत्रानं ती बरोबर सांगितली. पण सरांचं समाधान होईना.

"आपणच चोरी करायची आणि आपणच पकडायची, हे किती दिवस?" ते म्हणाले. "खरे नमुने आण. गावातून आण."

दुधात पाणी घालून वर साखर टाकली की डेअरीवरचं माप फसतं, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गावातही दूध डेअरी होती. मी सरांना म्हणाले, माझ्याच गावातून आणते. सरांनी एक गोष्ट बजावली : "साखर शोधतोय हे कुणाला सांगू नकोस. सांगितलंस तर जो घालतो तो त्या दिवशी घालणार नाही. नमुना खरा हवा असेल तर देणाऱ्याला कारण कळता कामा नये." पुस्तकातही तसंच लिहिलेलं होतं.

डेअरीच्या चेअरमनना मी लहानपणापासून काका म्हणते. मी बीएस्सी झाले तेव्हा गावात माझा सत्कार त्यांनीच केला होता. त्यांनी लगेच होकार दिला. "घे की, पायजे तेवढं दूध घे. फकस्त काय निघंल ते आमाला कळव." त्या महिन्यात लातूरच्या प्लँटवरून गावाचा टँकर परत आला होता, दुधात साखर निघाली म्हणून. एकदा नव्हे, दोनदा. हे मला माहीत होतं. काकांना मदत होईल असंच मला वाटलं.

संध्याकाळी मी चौदा घरांत चौदा छोट्या बाटल्या वाटल्या, औषधाच्या असतात तेवढ्या. सकाळच्या धारेचं दूध भरून ठेवा, एसटीच्या आधी येऊन नेते, असं सांगितलं. शेवटी आक्काकडे गेले. आईही माझ्यासोबत होती.

आक्काची म्हैस दोन आठवड्यांपूर्वीच व्यालेली. आदल्या वेळचं रेडकू आठ दिवसांत मेलं होतं. या वेळी वगार, म्हणजे मादी, झाली होती आणि आक्का तिला गोठ्याच्या आतल्या बाजूला, पोत्याचा आडोसा करून बांधायची. बाटली हातात घेऊन ती म्हणाली, "कुठं नेणार गं हे?"

"नांदेडला. आमच्या मशीनमध्ये बघायचंय."

"कोण बघणार?"

मी कौतुकानं मोबाइलवरचा फोटो दाखवला. मशीनची पेटी, तिची काळी काचेची खिडकी, शेजारी सर, माझ्याबरोबरची मुलं. "हे सगळे बघणार. मुंबईहून पण लोक येतात बघायला."

आक्कानं फोटो जरा लांब धरून पाहिला. "इतकी माणसं? माझं न्हाई घेतलं तर चालंल का गं? म्हैस आताच व्यालीय."

"आक्का, तुझं तर पाहिजेच. तुझ्या दुधावर मी शिकले."

"बरं बाई," ती म्हणाली. "घिऊन जा मंग."

सकाळी बाटली भरून दारातल्या कट्ट्यावर ठेवलेली होती. झाकणावर फडकं घट्ट बांधलेलं. मी सगळ्या बाटल्या बर्फाच्या डब्यात घातल्या आणि नांदेडची एसटी धरली.

प्रयोगशाळेत नमुन्यांना नुसते आकडे असतात, तेही क्रम मिसळून दिलेले. कोणता आकडा कुणाचा ते वहीत शेवटच्या पानावर लिहायचं आणि काम संपेपर्यंत ते पान उघडायचं नाही. तेरा बाटल्यांत वजाबाकी शून्याच्या जवळ आली. अकराव्या बाटलीत पडद्यावरची रेघ उंच उठली. मी नळी धुतली, पुन्हा नमुना सोडला. तेच. तिसऱ्यांदा केलं. तेच. सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पाच वर्षांत तसं कधी झालं नव्हतं.

मग मी शेवटचं पान उघडलं.

त्यानंतर मी जे केलं ते मला जसंच्या तसं सांगायचं आहे. मला धक्का बसला, हे खरं. पण मी आक्काला फोन केला नाही. आईलाही विचारलं नाही. मी मनातल्या मनात आक्काच्या वतीनं कारणं शोधली. एकटी बाई आहे, म्हैस व्याली की पेंड लागते, सरकी लागते, दूध कमी पडत असेल, पाणी घालत असेल. म्हणजे मी तिला दोषी धरून वर माफही करून टाकलं होतं. जिनं मला पाच वर्षं बिनसाखरेचं दूध पाजलं तिच्या बाबतीत मला साधी शंकासुद्धा आली नाही. मशीननं तीन वेळा सांगितलं होतं ना.

काकांना यादी पाठवायची होती. अकरावा आकडा गाळावा असं एक दिवस वाटलं. मग वाटलं, गाळला तर मी कसली संशोधक? आपल्या माणसासाठी खोटं लिहायचं असतं तर एवढं शिकायचं कशाला? मी यादी नीट टाइप केली. प्रत्येक घराचा डेअरीतला कोड, त्यापुढं निकाल. तेरा ठिकाणी 'साखर आढळली नाही', एका ठिकाणी 'साखर आढळली'. खाली सही केली, सहीखाली पदवी लिहिली. पदवी लिहिताना बरं वाटलं होतं, तेही आठवतं.

आठव्या दिवशी आईचा फोन आला.

"अगं, तू काय पाठवलंस डेअरीत? आक्काची किटली माघारी दिली. बोर्डावर कागद लावलाय."

"काय म्हणाली आक्का?"

"भांडून आली. चेरमनला म्हणली, माझ्या दुधाचं आमच्या पोरीला इचारा, तिनं मशीनीत घालून बघितलंय, ती खरं सांगंल. ते म्हणले, हा कागद तिचाच हाय. तर म्हणली, खोटं बोलायलाव तुमी. ती माझ्याबद्दल असं लिवणार न्हाई. तूच लिवलंस का गं?"

"साखर होती, आई. तीनदा बघितलं."

"असणारच की! सकाळी दूध आणायला गेले तवा मी समोर हुते. चिमूटभर टाकली तिनं."

मला आधी कळेचना. आई सांगत गेली. नवी व्यालेली म्हैस असली की तिचं दूध घराबाहेर कोरं देत नाहीत. चिमूटभर साखर टाकून देतात, नाहीतर हळद. परक्याची नजर पडली तर दिष्ट लागते, म्हैस आटते, वगार दगावते. माझी बाटली तर नांदेडला निघाली होती, अनोळखी माणसांसमोर, काळ्या काचेच्या मशीनसमोर. बाटली भरताना आक्का आईला म्हणाली होती, "पोरीला न्हाई म्हणवत न्हाई, पण इतकी माणसं बघणार म्हणती." म्हणून एकाऐवजी दोन चिमटी टाकल्या आणि वर फडकं बांधलं.

"मला कसं माहीत नाही हे?"

"आपल्या घरी कुठं म्हैस हुती तुला माहीत व्हायला?"

"पण मला रोज दूध द्यायची, तेव्हा नाही घातली कधी."

"आपण काय भायेरचे हाव का तिला?" आई म्हणाली.

"आणि डेअरीला?"

"डेअरीला कशी घालंल? तिथं साखर चालत न्हाई हे तिला कळत न्हाई व्हय? तिथं किटलीला कुंकवाचं बोट लावायची."

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस मला?"

"तू साखर बघायलीस हे मला कुठं माहीत? तू म्हणलीस, दूध बघायचंय."

फोन ठेवल्यावर मी हिशेब मांडला. चार लिटरच्या किटलीत ती चिमूट पडली असती तर आमच्या यंत्राच्या रेघेत जेमतेम दिसली असती. पण आमचं सगळं काम लहान मापाचं. बाटली लहान, नमुना लहान, नळी तर रिफिलएवढी. तेवढ्याशा दुधात दोन चिमटी म्हणजे सराईत भेसळ करणाराही घालत नाही इतकी साखर. मी बाटली मागितली नसती तर त्या दुधात साखरच नसती. कारण सांगितलं असतं तरी नसती. मी जे मोजलं ते माझ्याच मागण्यानं तिथं आलं होतं.

पुढच्या रविवारी मी गावी गेले. आक्काच्या दारावरून जायला नको म्हणून मागच्या बोळानं घरी आले आणि तसंच मागून डेअरीत. सगळं लिहून आणलेलं पत्र काकांना दिलं. त्यांनी ते शांतपणे, दोनदा वाचलं.

"मशीन तुझंच ना?"

"हो काका."

"साखर व्हती का न्हवती?"

"होती, पण ती..."

"मंग झालं की."

"काका, ती बाटलीत टाकलेली होती. डेअरीच्या दुधात नव्हती. पाहिजे तर मी रोजच्या किटलीतलं दूध पुन्हा तपासते, तुमच्यासमोर."

"आता तपासून काय? आता ती साखर घालंल का?" काका रागावले नव्हते. त्यांनी मला चहा मागवला. "हे बघ माय. तू म्हणतीस ते खरं असंल. आक्काला मी बी वळखतो. पर टँकर दोनदा माघारी आला. तिसऱ्यांदा आला तर प्लँटवाले गावाचंच दूध बंद करतेत. त्यांना मी तुझा कागद दाखवलाय, की बाबा, माणूस सापडलं, बंद केलं. आता हा कागद काढला तर ते इचारतील, मंग कुणाच्या दुधात हुती? सांग, कुणाचं नाव लिवू?"

त्यांनी माझं पत्र घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं. बाहेर बोर्डावर माझी यादी लावलेली होती. अकराव्या ओळीखाली कुणीतरी लाल पेननं रेघ ओढली होती. खाली माझी सही आणि पदवी.

महिन्याभरानं टँकर पुन्हा परत आला, साखर निघाली म्हणूनच. त्यात आक्काचं दूध नव्हतं. त्याबद्दल गावात कुणी काही बोललं नाही आणि बोर्डावरचा कागदही तसाच राहिला.

सरांना मी सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. माझ्या फीच्या वेळी, माझ्या आजारपणात तेच धावून आले होते, आणि त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नमुन्यात साखर होती?"

"होती."

"यंत्रानं ती पकडली?"

"हो."

"मग आपलं काम तिथं संपतं. ती कुणी का घातली हे आपल्या वजाबाकीत येत नाही."

"सर, निदान तळटीप तरी..."

"लिही. पण मग परीक्षक विचारतील, की तुमचा एकमेव खरा नमुना हा देवधर्माचा निघाला का? आणि मग प्रबंधाच्या त्या प्रकरणात राहतं काय?"

मी तळटीप दोनदा लिहिली. दोनदा काढली. अखेर तक्त्यात एवढंच राहिलं : नमुना अकरा, ग्रामीण संकलन, भेसळयुक्त.

तिकडे आक्काच्या दुधाला गिऱ्हाईक राहिलं नाही. डेअरीनं नाकारलेलं दूध हॉटेलवालाही घेईना. रतिबाची दोन घरं होती, त्यांनी काहीबाही कारण सांगून बंद केलं. आईनं मात्र बंद केलं नाही, पण आम्ही घेऊन घेऊन घेणार किती? आक्का दही लावायची, तूप काढायची आणि गल्लीत वाटून टाकायची. घेणारे घ्यायचे आणि मागं हसायचे : "आक्का, गोड हाय का गं आज?" लहान पोरं मोठ्यांचं ऐकून तेच म्हणायला लागली. एक दिवस आईनं फोनवर सांगितलं की टेम्पो आला होता, म्हैस आणि वगार दोन्ही गेल्या. म्हैस चढेना, मग आक्कानंच पुढं होऊन तिला चुचकारून चढवली. मी तेव्हा प्रबंधाच्या शेवटच्या प्रती बांधायला दिल्या होत्या.

या सगळ्या काळात मी आक्काशी बोलले नाही. दोनदा गावी गेले, दोन्ही वेळा मागच्या बोळानं. तिचा अजूनही विश्वास होता की तो कागद माझा नाही. भेटले की सांगावं लागणार, आणि सांगितलं की हा विश्वास जाणार. पदवी हाती आल्यावर सांगू, असं मी मनाशी ठरवलं. पदवीचा आणि सांगण्याचा संबंध काय, हे मी स्वतःला विचारलं नाही.

तोंडी परीक्षेला आई-वडील आले होते. मागच्या बाकावर बसले. वडिलांनी स्वतः शिवलेला नवा शर्ट घातला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळत तोच तक्ता उघडला.

"हा अकरा नंबरचा नमुना फार चांगला मिळालाय तुम्हाला. असे खरे नमुने हाती लागत नाहीत. कुठून आणलात?"

"माझ्या गावातून, सर."

"अरे वा. भेसळ करणारे इतक्या सहज देतात का हो तुमच्याकडे?"

सगळे हसले. मीही हसले. आईला इंग्रजी-मराठी मिसळलेलं ते बोलणं कळलं नसावं, पण सगळे हसतात म्हणून तीही हसली. त्या हसण्यानंतर मला फारसे प्रश्न विचारले गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मी गावी आले आणि या वेळी पुढच्या रस्त्यानं आले. आक्का ओट्यावर गहू निवडत बसली होती. गोठा झाडून स्वच्छ केलेला, नुसता दोर खुंट्याला. पेढा तिनं कपाळाला लावला आणि खाल्ला.

"झाली का तू डाक्टर?"

"झाले आक्का. दवाखान्यातली नाही."

"आसं. काही का असंना." तिनं बसायला पोतं सरकवलं. "लई दिसांनी आलीस. मी म्हणलं पोरगी इसरली."

मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. तो कागद माझाच होता, सही माझी होती, मी काय शोधत होते हे मुद्दाम सांगितलं नव्हतं, आणि तिनं साखर का घातली हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावरही मी पुस्तकात तसंच राहू दिलं. सांगताना माझा आवाज मलाच परीक्षेतल्यासारखा वाटत होता, एकामागून एक मुद्दे.

आक्काचे हात सुपातच राहिले. ती माझ्याकडे न बघता गव्हाकडे बघत होती.

"म्हंजी चेरमन खरं बोलत व्हता," ती म्हणाली.

"हो."

"आन मी त्याला चार मान्सांत खोटं पाडलं." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "मशीनीला दिसली म्हण की. एवढीशी तर घातली व्हती."

"दिसली."

"तरी दिष्ट लागलीच." ती सावकाश म्हणाली, जणू आता कुठं हिशेब लागत होता. "म्हैस गेली, वगार गेली. मीच कमी घातली बघ. इतकी माणसं बघणार व्हती, तर मूठभर घालायला पायजे व्हती."

"आक्का, तसं नाही. तू घातलीच नसतीस तर..."

"घालायची न्हाई तर काय कोरं देऊ?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "व्यालेल्या म्हशीचं? परमुलखात?"

माझ्याकडं वजाबाकी होती, पण तिथं ती कुणाला मांडून दाखवायची? थोड्या वेळानं आक्का उठून आत गेली. चहा ठेवला असेल असं मला वाटलं, पण ती नुसती आत जाऊन उभी राहिली होती. दारातून तिची पाठ दिसत होती.

डेअरीत जायची वेळ झाली होती. बाया किटल्या घेऊन गल्लीतून जायला लागल्या. त्यातली एक मला बघून थांबली, "आगं, कवा आलीस? पेढे कशाचे?" मी तिला पेढा दिला. मागं वळून पाहिलं, तर आक्कानं दार लोटून आतून कडी घातली होती.